नमुन्याबरहुकूम

आमच्या सरकारी गृहनिर्माण मंडळाचे खरेदीचे नियम बदलले, तेव्हा सगळं ऑफिस धास्तावलं. मी सोडून! "नियम म्हणजे आपल्या हातचा मळ," असं मी भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं.

नवा नियम सोपा होता. टेंडरमध्ये लिहिलंय तसाच माल घ्यायचा, आणि तसा आला तर परत करायचा नाही. पहिलंच टेंडर मी राहतो त्याच इमारतीतल्या दारांच्या लॅचचं निघालं. ठेकेदाराला पळवाट नको, म्हणून मी लिहिलं, 'प्रत्येक लॅच नमुन्याशी सर्व बाबतींत तंतोतंत जुळावं.'

जुळलं की. अगदी किल्लीसकट! सबंध इमारतीला एकच किल्ली.

लॅच बसली त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे आजोबा एक मजला आधीच थांबले, आमचं दार उघडून आत आले आणि टीव्ही लावून बसले. बायकोनं हटकलं, तर तेच म्हणाले, "आपण कोण?" दुसऱ्या दिवशी शेजारीण आमच्या फ्रीजमधून दूध नेताना सापडली. "म्हटलं, तुमची झोप कशाला मोडा," म्हणाली.

बायकोनं बॅग भरली. "अहो, फक्त आपल्याच किल्लीनं उघडणारं लॅच बसवा, मग मी येते. तोवर दादाकडे." गेलीसुद्धा. घर नुसतं खायला उठलं.

मी ठेकेदाराला फोनवर झापायला घेतलं.

"साहेब, किल्ली वेगळी दिली असती, तर तुम्हीच माल परत केला असतात," तो म्हणाला आणि त्यानं माझंच वाक्य मला वाचून दाखवलं.

मोठ्या साहेबांच्या हातापाया पडून नवं टेंडर मंजूर करून घेतलं.

"आता तरी नीट लिहा," ते म्हणाले.

दुधानं तोंड पोळलेला माणूस मी, ताकसुद्धा फुंकून प्यालो. लिहिलं, 'कोणतीही दोन लॅच एकसारखी नसावीत.'

माल आला. गोदामाचा कारकून खोकं उघडून बघतच राहिला. एक लॅच कपाटाचं, एक गोदामाच्या फाटकाचं, एक दागिन्यांच्या डबीला शोभेल असं. दोन सारखी मात्र शोधून सापडेनात. नियमाप्रमाणे माल पास करावा लागला.

तेवढ्यात बायकोचा फोन. "आलं का हो लॅच?"

"आलं. आपल्यासारखं इमारतीत दुसऱ्या कुणाकडे नाही."

"खरंच? मग निघते मी." किती दिवसांनी तिचा आवाज असा खुलला होता! "दाराला नीट बसलं ना?"

"ते होय," मी म्हटलं, "ते टेंडरमध्ये लिहायचं राहिलं."