कोंडीरामअण्णांनी ठेवलेला माणूस

माणूस पारखावा तर आपणच, अख्ख्या पुणतांब्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं कोंडीरामअण्णा सांगायचे. तेही खाटेवर आडवं पडून, कारण डावं अंग लकव्यानं गेलं होतं. तोंड तेवढं शाबूत राहिलं, आणि घात केला तो त्या तोंडानंच.

मुलगा संदीप पुण्याला कंपनीत होता. बापाच्या देखभालीसाठी तो दर महिन्याला मनीऑर्डर करायचा, पण ती अण्णांच्या पुतण्याच्या, आप्पासाहेबाच्या नावावर. मग आप्पासाहेब माणूस धाडायचा, म्हणजे रानातलं काम उरकून जो गडी रिकामा असेल तो! त्यामुळे अण्णांची आंघोळ कधी दुपारी व्हायची, कधी दिवेलागणीला. गडी त्यांना कांद्याच्या गोणीसारखं उचलायचा आणि तसंच टाकायचा. गडी आलाच नाही तर बायको भागिरथीबाई उचलायच्या. त्यांची कंबर आता कुरकुरायला लागली होती.

शेवटी अण्णांनी मुलाला ठणकावून सांगितलं, की पैसे माझ्या हातात दे, माणूस मीच ठेवीन आणि नाही पटला तर मीच काढीन. संदीप कबूल झाला, पण एका अटीवर. नव्व्याण्णव सालचा अधिक ज्येष्ठ लागत होता; तो सरेपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर दोघांनी पुण्याला यायचं, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर. अण्णांच्या हिशेबी तिसरा मजला म्हणजे माणसाला जिवंतपणी माळ्यावर टाकणं! सकाळच्या पारी बाप्याच्या हातून आंघोळ आणि घडीभर गोदावरीच्या घाटावर बसणं, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं.

पोस्टमननं पैसे खाटेशी आणून दिले, अण्णांनी ते उशीखाली सारले आणि साखर कारखान्याच्या चेअरमनसारखे दोन दिवस उमेदवार बघितले. तिसऱ्या दिवशी राहात्याच्या बाजारात हमाली करणारा राधाकृष्ण आला. त्यानं उचलताना आधी मानेखाली हात घातला. अण्णांनी तिथंच त्याला ठेवून घेतलं.

पहिला आठवडा सोन्याचा गेला. राधाकृष्ण भल्या पहाटे न्हाऊ घालायचा, हातगाडीवर गादी टाकून घाटावर न्यायचा, ऊन चढायच्या आत परत आणायचा. भागिरथीबाई कितीतरी महिन्यांनी अंग टाकून झोपल्या. आप्पासाहेब दारावरून जाताना मान फिरवायला लागला, याचंही अण्णांना लई समाधान!

पण खोड जाते कुठं? नवा माणूस दिसला की त्याचं मूळ गाव, मामाचं गाव, आत्या कुठं दिली, हे विचारून नातं काढल्याशिवाय अण्णांना अन्न गोड लागत नसे. एवढे दिवस कसेबसे गप्प होते. एके दुपारी राधाकृष्ण पायाला तेल चोळत असताना त्यांनी सुरुवात केलीच. राहाता हे राधाकृष्णाचं आजोळ निघालं. मूळ गाव नदीपल्याड, वैजापूरकडचं. बाप लहानपणीच गेलेला.

"मंग चुलता कोन रं तुझा?"

"कानिफनाथ."

अण्णांचा चेहरा उतरला. कानिफनाथ म्हणजे अण्णांच्या लेकीचे, जयमालाचे सासरे. त्यांचा सख्खा पुतण्या म्हणजे जावयाचा भाऊ, म्हणजे जावईच! आणि तो सासऱ्याचे पाय चोळत बसलेला!

"तुमी... तुमी उठा आधी," अण्णा म्हणाले. 'रं' गेलं आणि 'तुमी' आलं, तिथंच सगळं संपलं.

भागिरथीबाईंनी डोक्यावर पदर ओढला आणि पाव्हण्यांना खुर्ची दिली. त्यातून हा अधिक महिना, जावयाला धोंड्याचं जेवण घालायचा! पुरण शिजलं, तूप आलं, कापडं आली आणि उशी खाली खाली जात सपाट झाली. राधाकृष्ण लाजून अर्धा झाला. सकाळी तो अण्णांना उचलायला वाकला, की भागिरथीबाई त्याला खुर्चीवर बसवायच्या आणि स्वतः उचलायच्या. धडधाकट हमाल बघत बसलेला आणि म्हातारी कण्हत बादली ओढतेय, असा सोहळा रोज चालला.

मग खऱ्या जावयाला कळलं. पहिला मान आपला असताना चुलतभाऊ आधी जेवलाच कसा, म्हणून तो रुसून आला. त्याला समजवायला त्याचा धाकटा भाऊ आला. म्हणजे पुन्हा पुरण! जेवून तिघे जावई लिंबाखाली ओळीनं घोरत पडले, आणि अण्णा दोन दिवसांचे पारोसे.

तिसऱ्या दिवशी अण्णांना उचलता उचलता भागिरथीबाईंची कंबर गेली. त्या किंचाळल्या आणि दोघंही खाली आली. दोन जावई उठून उभे राहिले आणि सासूला हात कसा लावावा ते न कळून तसेच थांबले. राधाकृष्णानं मात्र नातं-मान काही बघितलं नाही. आधी भागिरथीबाईंना उचललं, मग अण्णांना, मानेखाली हात घालूनच.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून संदीपला निरोप गेला. रविवारी तो जीप घेऊन येणार होता. दोघे भाऊ निघून गेले. राधाकृष्ण तेवढा खाटेशी रेंगाळला.

"मामा," तो म्हणाला, "नातं मोडा, पन काम नका मोडू. तिकडं पाठीवर पोतं घेतो, त्ये कुनाचं काय लागत न्हाई. हितं बरं वाटत हुतं."

अण्णांना ते नातं मोडायचं होतं. मनापासून मोडायचं होतं. त्यांनी बायकोकडं बघितलं. भागिरथीबाई जमिनीवर, अंथरुणात, खाटेकडं तोंड करून पडल्या होत्या.

"लेक हाय आपली त्या घरात," त्या म्हणाल्या. "बापानं जावई गडी ठेवला म्हनून जलमभर ऐकवतील तिला."

अण्णांनी नजर आढ्याला लावली. राधाकृष्णानं आहेराची पिशवी उचलली, खाटेच्या पायथ्याशी वाकला, आणि उंबरा ओलांडून गेला.

अण्णा हळूच म्हणाले, "तसाच गेला गं. पाया पडंल वाटलं हुतं."

"पडला की," भागिरथीबाई म्हणाल्या. "किती येळ धरून बसला हुता. डाव्या पायाला."