तात्यांचा अर्धा चमचा

रोह्यात आमच्या आळीत शिरलात आणि एखाद्या ओसरीवर खाकी शर्ट घातलेलं मडकं दिसलं, तर दचकू नका. आवाज तेवढा खाली करा. नाहीतर आतून हुकूम येईल, "हळू बोला! दही लागतंय."

हे आमचे तात्या, एस्टीचे निवृत्त कंडक्टर. जन्म पेण–रोहा गाडीत गेला. शर्ट त्यांचाच, बिल्ल्यासकट. बायको गेल्यापासून घरात एकटे. विरजण मागायला येईल तो त्यांच्या लेखी पॅसेंजर. वाटी आपली आणायची, रांगेत उभं राहायचं आणि मिळणार काय? अर्धा चमचा!

"तात्या, एवढ्याशात लिटरभर दूध कसा लागंल?" जुबेदाभाभी रोज भांडायच्या.

"नाय लागला तर उद्या या. गाडी रोज हाय."

स्वतः तात्या मात्र दह्याला शिवत नाहीत. घसा धरतो.

मी भेसळविरोधी समितीचा अध्यक्ष, सचिव आणि पत्रकं वाटणारा. समितीत दुसरं कोणी नाही. एकदा मी पाकिटातलं दही पेणला तपासायला दिलं. अहवालात बेंझोइक आम्ल! सरबतं टिकवायला घालतात, तेच. माझं रक्त उसळलं. खरं सांगायचं तर आनंदानं उसळलं. 'जनतेच्या ताटात विष!' हे पत्रक मी अहवाल पुरता वाचायच्या आधीच छापायला टाकलं.

मग शुद्ध दही कसं असतं हे जगाला दाखवायला तात्यांचं दही पाठवलं. तात्यांनी ऐटीत मडक्याच्या शर्टाची बटणं काढली. "घे, तपास. आपलं तिकीट पक्कं हाय."

त्यातही बेंझोइक आम्ल निघालं. पाकिटापेक्षा अंमळ जास्तच.

मी पडलो तत्त्वनिष्ठ. ओळखदेख बघणार नाही! अहवाल कोपऱ्यावरच्या फळ्यावर डकवला. दुसऱ्या दिवशी तात्यांच्या दारातली रांग गायब. जुबेदाभाभींनी पाकीट आणलं. ज्याच्याविरुद्ध मी पत्रक काढलं होतं, तेच.

"मी काय घातलं रे?" तात्या मलाच विचारत होते. "दूध आन् विरजण. आणखी काय?"

मी तावातावानं प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, हे कोणी घातलेलं नाही. दुधात मुळातच एक पदार्थ असतो. विरजणातले जंतू त्याचंच हे आम्ल करतात. एवढ्याशानं अपाय नाही. अहवाल नेताना विचारायचंत की!"

आधी विचारायचं असतं, हे आमच्या एकाही पत्रकात नव्हतं.

खुलाशाचं पत्रक काढलं. 'विष' लोकांनी मागून नेलं होतं. 'अपाय नाही' फुकटही कोणी घेईना. शेवटी दारोदार जाऊन वाचून दाखवलं. जुबेदाभाभी म्हणाल्या, "आधी तुजा डोका तपासून आन."

संध्याकाळी वाटी घेऊन तात्यांकडे गेलो. शर्ट घडी करून बाजूला ठेवलेला. त्यांनी अख्खं मडकंच माझ्याकडे सरकवलं.

"सगळं ने. गाडी बंद."

तेव्हा कुठे तो अर्धा चमचा माझ्या डोक्यात शिरला.

"नको तात्या. अर्धाच चमचा द्या. म्हणजे उद्या परत यायला लागेल."

तात्या शर्ट उलगडून मडक्याला चढवू लागले. एवढ्यात मागून आवाज आला, "तात्या, मना पन द्या. त्या पाकिटाला काय चव नाय."

"रांगेत या, भाभी," तात्या म्हणाले. दह्याला न शिवताच त्यांचा घसा धरला होता.