अप्पांची हरकत

अंधाऱ्या हॉलमध्ये पडद्यावर एक मांजर छपराच्या टोकावरून घसरतं. हवेत चारी पाय मारतं, खाली बघतं, आणि धप्पकन आपटून पापडासारखं चपटं होतं. हॉलभर पोरं खिदळतात. ते हसणं ऐन रंगात आलेलं असताना पहिल्या रांगेतून आवाज येतो,

"हरकत!"

मग दिवे लावावे लागतात. नाही लावले तर अप्पा पुन्हा ओरडतात, आणि तो आवाज पहिल्यापेक्षा मोठा असतो.

हा आवाज त्यांनी कमावलेला आहे. रेवणअप्पा बिराजदार यांची सगळी नोकरी कोर्टात पुकारा करण्यात गेली. दाराशी उभं राहून त्यांनी "अमका तमका हाजिर हो" अशी हाक दिली की कँटीनमध्ये बसलेला पक्षकार हातातली भजी टाकून पळत यायचा, असं ते स्वतःच सांगतात. निवृत्त झाल्यावर माणसानं असला आवाज घरी ठेवावा. अप्पा तो दर रविवारी आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेतून संग्रहालयात घेऊन येतात.

आमचं संग्रहालय लहान. काही वीरगळ, तांब्याची भांडी, दोन जुने हातमाग आणि त्यांच्याकडे बघत जांभया देणारा रखवालदार. तिथल्या कार्यक्रमांची जबाबदारी माझ्याकडे. माणूस फिरकत नाही म्हणून मी डोकं चालवून एक उपक्रम काढला. रविवारी सकाळी जुन्या, हातानं काढलेल्या कार्टूनपटांवर गप्पा, पडद्यावर थोडे नमुने, आणि नंतर पात्र कसं रेखाटायचं याची कार्यशाळा. संचालकांनी नाक मुरडत परवानगी दिली. पोरं आली, त्यांचे आईबाप आले. जाता जाता लोक वीरगळांकडेही बघायला लागले. आणि अप्पा आले.

"अप्पा, ही मुलांची कार्यशाळा आहे," मी पहिल्याच दिवशी दारात म्हणाले.

"जाहिरातीत 'सर्वांना प्रवेश' लिवलंय की ओ म्याडम. मी सर्वांत येतो का न्हाय?"

सर्वांत येतात म्हणून आत घेतलं. तिथं चुकलं.

त्या दिवशी मी पात्राचे हात शिकवत होते. कार्टूनमधल्या प्राण्यांना पुष्कळदा चारच बोटं असतात, कारण हजारो चित्रं हातानं काढायची तर एक बोट कमी असलेलं सोयीचं पडतं. एवढंच सांगितलं.

"हरकत! म्हंजी तुमचे कष्ट वाचावेत म्हणून त्याचं बोट कापलं?"

"कापलं नाही अप्पा. काढलंच नाही."

"जन्मताच न्हाय? मग तर लईच वाईट. नोंद घ्या."

'नोंद घ्या' हे त्यांचं दुसरं पालुपद. नोंद कुणी घ्यायची, कशात घ्यायची, ते कधी सांगत नाहीत. नुसतं माझ्याकडे बघत राहतात. पुढच्या रविवारी कोट घातलेला कोल्हा निघाला. "ह्याला कोट हाय, टाय हाय, टोपी हाय, आणि खाली काय बी न्हाय! आयाबाया बसल्यात हितं. हरकत!" झालं, त्यानंतर अर्धी पोरं कोल्ह्याला धोतर नेसवत बसली. मी शिकवणार होते शेपटी.

पण अप्पांचा खरा राग पडण्यावर. कार्टूनमध्ये कुणी पडलं की त्यांचा चेहरा तांबडा व्हायचा. "आत्ता पडलं आणि लगेच उभं? मधला वेळ कुटं गेला? डाक्टर कुटाय? पलास्तर कुटाय? उचलायला कोन आलं?"

"अहो, त्याला लागत नाही. गंमत आहे ती."

"तुमी त्याला विचारलं का?"

कला महाविद्यालयात मी पाच वर्षं घालवली, पण पडलेल्या मांजराला विचारायचं असतं हे तिथं कुणी शिकवलं नाही.

बरं, नुसती हरकत घेऊन ते गप्प बसले असते तर मी सोसलं असतं. पण पोरं चित्रं काढायला लागली की अप्पा त्यांच्या मागून फिरत. एका मुलीनं केळ्याच्या सालीवरून घसरणारा ससा काढला. छान काढला होता, कान मागे उडालेले, डोळे गरगरलेले. अप्पांनी तिला बाजूला दुसरा ससा काढायला लावला, स्टूल घेऊन धावत येणारा. शेजारच्या पोरानं ते बघून आपल्या माकडाशेजारी पाण्याचा तांब्या घेतलेली माकडीण काढली. तास संपताना मी चित्रं भिंतीवर लावली, तर भिंतीवर नुसतं हॉस्पिटल. ज्याला त्याला कुणीतरी उचलतंय, पाय दाबतंय, कपाळावर पट्टी ठेवतंय. विषय होता 'विनोदी आपटणं'.

पोरांना मात्र अप्पा जीव की प्राण. कारण हजेरी तेच घ्यायचे, कोर्टाच्या थाटात. "कुमारी तनिष्का हाजिर हो!" अशी हाक आली की तनिष्का लाजत, खिदळत, पळत यायची. मी हजेरी घेतली तर पोरं ओ सुद्धा देईनात. संताप नाही येणार?

एवढ्यात मी पुण्याहून केतनसरांना बोलावलं. केतनसर म्हणजे या विषयातले जाणकार. रेखाटन सुरेख, बोलणं गोड. संचालक स्वतः पहिल्या रांगेत येऊन बसले, अप्पांच्या शेजारीच. मी अप्पांना आधीच हात जोडून सांगितलं होतं, आजचा दिवस गप्प बसा. ते म्हणाले, "बसतो की."

बसले. बराच वेळ बसले. मग केतनसरांनी फळ्यावर एक गोल काढला, तो दाबून चपटा केला, ताणून लांब केला आणि म्हणाले, "मुलांनो, पात्राचं शरीर रबरासारखं समजा. त्याला हाडं नाहीतच, असं धरून चाला."

"हरकत!"

संचालक खुर्चीतून उडालेच.

"हाडं न्हायत? हाडं कशी न्हायत ओ? ज्याला चालता येतं त्याला हाडं असत्यात."

केतनसर हसले. "काका, हे कार्टून आहे. हे सगळं खोटं असतं."

"हे खोटं, मग पोरं खरं कशाला हसत्यात?"

केतनसरांचं हसू मावळलं. "तुम्हाला विनोद समजत नसेल तर तुम्ही बाहेर बसा," ते म्हणाले.

"हाड मोडल्यालं बगितलंय का तुमी? त्याचा आवाज ऐकलाय का?" अप्पा उभे राहिले होते. "न्हाय ना? मग ह्ये शिकवायचं न्हाय!" आणि त्यांनी पुढं होऊन फळ्यावरचा तो ताणलेला गोल तळहातानं पुसून टाकला.

केतनसरांनी लॅपटॉप मिटला. चहासुद्धा न घेता गेले. संचालकांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, "एक तर तो माणूस बंद करा, नाहीतर तुमचं कार्टून बंद करा." 'तुमचं कार्टून' म्हणे! या गृहस्थांनी जन्मात एक कार्टून पाहिलेलं नसेल, पण पाहुण्यांच्या जेवणाचं ताट आधी यांच्यापुढं असतं.

मी तशीच स्कूटर काढली. वर्षभर जपून वाढवलेला माझा उपक्रम एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी बुडणार होता. शुक्रवार पेठेत शिरेपर्यंत मी वाक्य पाठ करत होते. अप्पा, यापुढं तुम्ही यायचं नाही. अप्पा, यापुढं तुम्ही अजिबात यायचं नाही.

घर कुणालाही विचारावं लागलं नाही. टीव्हीचा आवाज बोळात येत होता आणि तो आवाज मला चांगला ओळखीचा होता. टुणुक, घरंगळ, धप्प. कार्टून! खालच्या दुकानदारानं बोट वर केलं. "बिराजदार वरच्या मजल्यावर. जिना सांभाळून चढा, लई उभा हाय."

जिना खरंच शिडीसारखा होता. वर पोचले आणि दारातच थांबले. खिडकीशी कॉटवर एक म्हातारी बाई उशांना टेकून पडली होती. समोर टीव्हीत एक कुत्रा शिडीवरून गडगडत होता. बाई तोंडाला पदर लावून हसत होती. आणि कॉटला लागून स्टुलावर अप्पा बसले होते. हसत होते. हरकत नाही, नोंद नाही, मांडीवर थाप मारून, दाढा दिसेपर्यंत हसत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे घरी हे असं, आणि नाटकं सगळी आमच्याकडे?

तेवढ्यात अप्पांनी मला बघितलं. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे भ्यालेले दिसले.

"कोन आलंय ओ?" बाईंनी विचारलं.

"संग्रहालयातल्या म्याडम," अप्पा म्हणाले. "ही आमची गौरव्वा."

"ये की बाई, बस की," गौरव्वा म्हणाल्या. "ह्ये बघ, आता त्यो परत चढतोय. आता परत पडतोय बघ." कुत्रा पडला. त्या पुन्हा हसल्या. अप्पाही हसले, त्यांच्याहून मोठ्यानं.

मग गौरव्वांनीच सगळं सांगितलं. त्या याच जिन्यावरून पडल्या होत्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पायात जोर काही आला नाही. "लई रडायचे ग मी. जेवन नको, बोलनं नको. मग शेजारची पोरगी एकदा ह्ये लावून गेली. म्हटलं, आगं बया, आपल्यापरीस लई पडत्यात की ही! आणि उटत्यात बी. तवापास्नं ह्येच बगते." त्यांनी अप्पांकडे कौतुकानं पाहिलं. "ह्यांना तर माज्याहून जास्त याड. घरी बगून पोट भरंना, म्हणून दर ऐतवारी तुमच्याकडं येत्यात. लई हसवता म्हनं तुमी."

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी गौरव्वांना दिसणार नाही अशी मान हलवली. नको, बोलू नका.

"हो," मी म्हणाले. "अप्पा फार हसतात आमच्याकडे."

चहा घेऊन निघाले तेव्हा अप्पा मला पोचवायला खाली उतरले. एका हातानं भिंत धरून, प्रत्येक पायरी आधी बघून. बोळात आल्यावर ते हळू बोलले. त्यांना हळू बोलता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

"ती पडली तवा मी हितंच खाली हुतो, म्याडम. पाठ तिकडं हुती. आवाज ऐकला फकस्त. त्योच आवाज आता वर दिवसभर असतोय."

"मग टीव्ही बंद करायला सांगत का नाही?"

"कसं सांगू? पडल्यापास्नं ती ह्यालाच हसली हाय. दुसऱ्या कशाला न्हाय." त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं. "मी गप बसलो तर ती बी गप बसती. म्हणून हसतो. पर कुटंतरी बोलाय नको का ओ? हितं बोलता येत न्हाय. म्हणून तितं येतो." मग म्हणाले, "त्या पुन्याच्या सरांना माझा नमस्कार कळवा. मानूस वाईट न्हाय. आणि तुमी काय सांगाय आला हुता?"

"काही नाही. पुढच्या रविवारी प्राण्यांची चाल शिकवणार आहे. लवकर या, हजेरी राहते."

सोमवारी संचालकांच्या खोलीत मात्र मी हळू बोलले नाही. म्हटलं, अप्पा येणार नसतील तर पडद्यासमोर उभं राहून पोरांना कोल्हा काढायला तुम्ही शिकवा. फळा देते, खडू देते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता कोल्ह्यापर्यंत कशाला जाता?" म्हणाले. उपक्रम चालू राहिला. अप्पाही चालू राहिले. परवाच उडणाऱ्या हत्तीवर त्यांनी सबंध तास खाल्ला.

आणखी एक केलं. गौरव्वांना जिना उतरता येत नाही, म्हणून एका दुपारी मी प्रोजेक्टर घेऊन त्यांच्याकडे गेले. अप्पांनी खिडक्यांना चादरी लावल्या, भिंतीवर पांढरं धोतर ताणून बांधलं. मी एक जुना नमुना लावला, गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढणाऱ्या अस्वलाचा. अप्पांनी तो संग्रहालयात कितीतरी वेळा पाहिलेला, गौरव्वांनी एकदाही नाही. अस्वल कठड्यावर चढलं. दोरी ताणली. गौरव्वांनी आधीच पदर तोंडाशी नेला.

मी अप्पांकडे बघत होते. धोतराचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. अस्वलाचा पाय सुटायच्या जरा आधी त्यांनी डोळे घट्ट मिटले. कॉटवरचा गौरव्वांचा हात धरला. खोलीत धप्प असा आवाज झाला, गौरव्वा खदखदून हसल्या, आणि त्यांचं हसू कानावर पडताच अप्पा, डोळे न उघडता, जोरानं हसायला लागले.