वैजनाथची ट्रायल

दोन हजार चोवीस साल. आमचा धाकटा भाऊ वैजनाथ साठ वर्षांचा झाला आणि नांदेडच्या विद्यापीठातून रिटायर व्हायला निघाला. निरोपाचा कार्यक्रम शनिवारी. मला त्यानं शुक्रवारीच बोलावून घेतलं, रिकाम्या हॉलात पहिल्या रांगेत बसवलं, शिपायाकडून स्वतःच्या गळ्यात एक सुकलेला हार घालून घेतला आणि स्टेजवरून विचारलं, "आण्णा, तिथून मी दिसून राहिलो का?"

"दिसून राहिला. येडा दिसून राहिला."

"मंग ठीक हाय. ट्रायल झाली."

हा माणूस ट्रायल घेतल्याबिगर काहीच करत नाही. कॉम्प्युटरात माहिती कशी ठेवायची, कशी फिरवायची, हे तो पोरांना शिकवायचा. एवढंच मला कळतं, आणि तेवढं मला पुरतं. "चालू करायच्या आधी चालवून बघायचं, आण्णा. आमचं सगळं शास्त्र एवढंच हाय," असं म्हणायचा. बरं, शास्त्र कॉलेजात ठेवून घरी यावं ना. न्हाई. गावी यायचं असलं की आदल्या दिवशी रिकामी बॅग घेऊन बसस्टँडपर्यंत जाऊन येणार. दाढ काढायची होती, तर आदल्या दिवशी डॉक्टरच्या खुर्चीत नुसतं तोंड उघडून बसून आला.

लग्नात तर कहर केला. वऱ्हाड मुरुडहून उदगीरला न्यायचं होतं. किती वेळ लागतो बघू म्हणून यानं आदल्या दिवशी मला घेतलं, रिकामा टेम्पो घेतला आणि उदगीर गाठलं. हळदीच्या अंगानं नवरदेव दारात उभा बघून सासऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना वाटलं आपलीच तारीख चुकली. कुणी पाय धुवायला पाणी आणलं, कुणी आचाऱ्याला झोपेतून उठवलं, मांडव घालणारे तर अर्ध्या शिडीवरून खाली उतरले.

"मामा, गडबड करू नका. मी ट्रायलला आलोय," हा म्हणाला.

सासरे माझ्याकडं वळले. "पाव्हणं, पोरगं असंच हाय का?"

"असंच हाय. पण उद्या वेळेवर येतंय बगा."

जेवू घालूनच सोडलं आम्हाला. सुमनला, म्हणजे त्याच्या बायकोला, तो किस्सा जन्मभर पुरला. वैतागली की म्हणायची, "लग्न माझं एकदाच झालं. ह्यांचं दोनदा झालं."

सुमन चार वर्षांमागं गेली. तेवढ्याची ट्रायल झाली नव्हती. लेक हैदराबादला. नांदेडच्या फ्लॅटात हा एकटा.

आता रिटायर झाल्यावर हा राहणार कुठं, ही फिकीर मला वर्षभर होती. मुरुडचं घर त्याचंही आहे. मधली खोली रिकामी आहे. पण मी थोरला. हात जोडून ‘ये बाबा’ म्हणायचं ते मी का म्हणून? त्यानं विचारावं. आणि तो विचारीना.

त्याच्या विद्यापीठात मी तोवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिसरीत असताना गुरुजींनी विनाकारण माझा कान पिळला. मी पाटी तिथंच ठेवली आणि घरी आलो. परत शाळेची पायरी चढायची नाही म्हणजे नाही, आणि विद्यापीठ म्हणजे मोठी शाळाच. या खेपेला गेलो ते त्याचा शेवटचा दिवस म्हणून.

शनिवारी भाषणं झाली. चहाच्या टेबलापाशी एक बाई आली. त्याची जुनी विद्यार्थिनी, आता बँकेत मोठी साहेब.

"बाबा, तुम्ही सरांचे कोण?"

"थोरला भाऊ. काशिनाथ बसाप्पा, मुरुड."

तिच्या कपातला चहा बशीत सांडला. "मुरुडचे काशिनाथ बसाप्पा? तुम्ही खरे आहात?"

"म्हंजे? खोटा दिसून राहिलो का?"

तिनं हाका मारल्या. बघता बघता मला गराडा पडला. कुणी टकले, कुणी पोट सुटलेले, सगळे त्याचेच विद्यार्थी. ती सांगायला लागली, "सरांचा नियम होता, बाबा. प्रोग्राम लिहिला की तो चालवून बघायला त्यात पहिल्या विद्यार्थ्याचं नाव घालायचं काशिनाथ बसाप्पा, गाव मुरुड. आम्हाला वाटायचं सरांनी नाव बनवलंय. मी तुम्हाला होस्टेलात खोली दिली होती."

"मी तुमची परीक्षेची बैठक लावली."

"माझ्याकडं तुम्ही एम.एस्सी. फर्स्ट क्लास, बाबा."

एक टकला मागून पुढं आला. "माझ्या प्रोग्रामात तुम्हाला ॲडमिशनच मिळंना. सरांनी मला सगळा परत लिहायला लावला. म्हणाले, ह्या माणसाला दारातून परत पाठवणारा प्रोग्राम माझ्या डिपार्टमेंटात चालणार न्हाई."

मी वैजनाथला शोधलं. तो लांब भिंतीकडं तोंड करून पंख्याचं बटण चालू-बंद करून बघत होता.

संध्याकाळी फ्लॅटवर भाकरी मोडता मोडता तो ताटाकडं बघूनच म्हणाला, "आण्णा, आठ दिवस मुरुडला राहून बघू का? जमतंय का न्हाई तेवढं. ट्रायल."

"माझ्या घरात ट्रायल चालत न्हाई," मी म्हणालो.

त्यानं ताट उचललं आणि धुवायला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोदावरीकडं फिरायला गेला, तेवढ्यात मी टेम्पो बोलावला. परत आला तेव्हा त्याचं कपाट टेम्पोत होतं, कपाटावर गादी होती आणि गादीवर मी होतो.

"आण्णा, कपाट दारातून निघतंय का ते आधी मापून तरी बघायचं," तो खालून म्हणाला.

"मापलं न्हाई. निघालं," मी म्हणालो आणि दोरी आवळली.