सगळे एका रेषेत

आमच्या कामोठ्याच्या ऑफिसात कोणीही फोटो दाखवला, की सुलभाताई पहिल्यांदा विचारतात, "वजन किती?"

रिसेप्शनवरच्या प्राचीने साखरपुड्याचा फोटो दाखवला, तेव्हाही हेच. ती दोन दिवस ताईंशी बोलली नाही. ताईंना फाइलचं वजन हवं होतं. "आठ एमबीचा फोटो साइटवर टाकला, की माणूस मोबाइलकडे बघत बसतो आणि कंटाळून निघून जातो," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

आम्ही चौघं मिळून छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवतो. फोटोंचं खातं ताईंचं. साइटवरचे सगळे फोटो एका मापाचे, एका उजेडातले हवेत, हे त्यांचं दुसरं वेड. एका खानावळीचे सगळे पदार्थ त्यांनी एकाच पांढऱ्या ताटलीत घेतले. मालक कळवळून म्हणाला, "ताई, मिसळ सांडतेय."

"सांडू दे. रांग मोडायला नको."

मागच्या महिन्यात उलव्याच्या एका वृद्धाश्रमाचं काम आलं. बावीस आजी-आजोबांचे फोटो काढायचे होते. निळसर भिंत, एक खुर्ची, स्टँडवर कॅमेरा, सगळ्यांचे डोळे एका रेषेत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकवीस झाले. शेवटी कमलआजी आल्या. पाठीला एवढा बाक, की मान वर होईना. कॅमेऱ्यात नुसते पांढरे केस.

"माझा नको गं काढूस," आजी म्हणाल्या. "माझं तोंड मलाच आरशात दिसत नाही."

मी हळूच म्हणालो, "ताई, यांचा खालून घेऊ. एकच वेगळा दिसेल, पण चालेल."

स्टँड बाजूला ठेवून ताईंनी फरशीवर मांडी घातली आणि वर बघत विचारलं, "आजी, जेवलात का?"

आजी हसल्या. फोटो झकास आला.

मी सामान आवरायला लागलो.

"कुठे निघालास?" ताई खालूनच म्हणाल्या. "बाकीच्यांना परत बोलव. सगळ्यांचे इथूनच काढायचे."

"एकवीस जणांचे?"

"मग काय, आजी एकट्याच वेगळ्या दिसू देत?"

चहाची वेळ उलटून गेली तरी ताई फरशीवरच होत्या. उठताना गुडघे इतके धरले, की मी पुढे केलेला हात त्यांनी मुकाट्याने घेतला.

साइट आता सुरू आहे. तिच्यावर बावीस जण किंचित खाली बघतायत, पायाशी नातवंड येऊन बसल्यासारखे.