मूळ दुखणं

“सांगायचं तरी कुणाला? घरात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही,” जावई फोनवर कुरकुरत होते. “मोठी मूळ—”

पुढचा शब्द मिक्सरने गिळला. मिक्सर सासूबाईच फिरवत होत्या, तेव्हा राहिलेला शब्द त्यांनी पदरचा घातला आणि मटकन स्टुलावर बसल्या. लेकीकडे चार दिवस राहायला यावं आणि जावयाचं हे असलं दुखणं कानावर पडावं! नावसुद्धा घ्यायची सोय नाही. कॉलेजात गणित शिकवायचं आणि घरी आलं की खुर्चीला चिकटायचं. होणारच.

दुपारी त्यांनी जावयाच्या पानात तिखट वाढलं नाही. “फार त्रास झाला का हो?” त्यांनी हळूच विचारलं.

जावई विरघळले. त्यांच्या कामाबद्दल या घरात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. “दोन वर्षं झोप नव्हती, आई. आता कुठे मोकळं वाटतंय.”

“मोठी आहे?”

“अवाढव्य! कितीही झटा, अवयव म्हणून पडत नाहीत.”

“अहो, पडायला नकोतच!”

“तेच तर सौंदर्य आहे! शिवाय शेजारीच तिची जुळी सापडली.”

“जुळी!” सासूबाईंच्या हातातला डाव भांड्यात पडला.

“उद्या सगळ्यांना दाखवणार आहे. पडद्यावर, मोठी करून.”

“जेवताना कसले विषय काढता!” सासरे पानातून मान वर न करता म्हणाले.

जेवणानंतर जावई फोन घरीच विसरून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, आणि नेमका तो वाजला. कॉलेजातल्या विभागप्रमुख बाई होत्या.

“उद्याच्या व्याख्यानाची तयारी झाली ना?”

“नाही हो जमायचं ते,” सासूबाई कुजबुजल्या. “चारचौघांत कसं दाखवणार? मोठी निघालीय.”

“चूक?”

“त्यांचीच. एका जागी बसून बसून दुसरं काय होणार!”

जावई परत येतात तो बाई धापा टाकत दारात. “दोन वर्षांची मेहनत, उद्या बाहेरून जाणकार येणार, आणि आज चूक निघते? व्याख्यान रद्द करू का?”

जावई पांढरेफटक पडले. “कसली चूक? पुन्हा पुन्हा तपासलीय! माझी संख्या मूळच आहे!”

“संख्या?” सासूबाईंनी विचारलं.

“मूळ संख्या, आई. एक आणि ती स्वतः, एवढं सोडून कशानंच भाग जात नाही.”

“म्हणजे ती तुम्हाला... झालेली नाही?”

“सापडलीय!”

सासूबाईंनी असा काही सुस्कारा सोडला की बाईंनाही हायसं वाटलं. व्याख्यान ठरल्याप्रमाणे होणार, असं त्यांनी तीन-तीनदा सांगितलं तेव्हा कुठे जावयाच्या जिवात जीव आला.

“पण आई, तुम्हाला वाटलं तरी काय होतं?”

सासूबाई छताकडे बघू लागल्या. बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला, तशा त्या घाईघाईने पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. जावई आळीपाळीने दोघींकडे बघत राहिले.

“मूळव्याध,” सासरे म्हणाले. सगळ्यांच्या माना वळल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. “आणि ती यांना नाही. मला आहे.”