सगळ्याला हो

नवा टीव्ही घरी आला आणि त्याने सासऱ्यांचे व्हिडिओ दाखवायला साफ नकार दिला. फाईल जुन्या पद्धतीच्या आहेत म्हणे. सासरे, म्हणजे कासू गावचे हिरामण, दरवर्षी गणपतीत कोकणातला बाल्या नाच नाचायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांना पडद्यावर बघायला सासूबाई रविवारी मुद्दाम पेणला येणार होत्या. माझी बायको अनिता म्हणाली, दुकानात देऊ. मी म्हणालो, मी करतो. (रोह्याच्या एका कंपनीत मी स्टोअरचा क्लार्क आहे. कॉम्प्युटरसमोर बसतो, एवढं पुरे.)

मेव्हण्याने, मिथुनने, सगळं नीट लावलं होतं: वर्षाचा फोल्डर, त्यात दिवसाचा, त्यात फाईल. एकेक बदलत बसणं अडाण्याचं काम. मी इंटरनेटवरून पाच ओळींची स्क्रिप्ट उतरवली: प्रत्येक फोल्डरमध्ये शीर, व्हिडिओ बदल, एकाच नव्या फोल्डरमध्ये टाक, जुना पुसून टाक. सुरू केली तर कॉम्प्युटर सारखा विचारू लागला, या नावाची फाईल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? मला त्या नम्रतेचा कंटाळा आला. 'सगळ्याला हो' असं स्क्रिप्टमध्येच घातलं आणि चहा प्यायलो. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर हो म्हणणं जड जात नाही.

मिथुन शिस्तीचा माणूस. बारा वर्षं त्याने प्रत्येक फाईलला एकच नाव दिलं होतं: नाच.

रविवारी सासूबाई पदर सावरून बसल्या. फाईल एकच उरली होती, गेल्या वर्षीची. तेव्हा सासऱ्यांच्या जागी मी नाचलो होतो. (आग्रह कुणी केला नव्हता.)

"अनिता, ह्यो कोन गो?" सासूबाईंनी थोडा वेळ बघून विचारलं. "तुझा बाप नाय ह्यो."

माणूस गेला होताच, त्याचा नाचही मी पुसला होता. मी मान खाली घालून सगळं कबूल केलं आणि मला खरंच रडू आलं.

अनिता उठली. कपाटातून पेनड्राईव्ह काढून तिने लॅपटॉपला लावला. त्यात एकच फोल्डर होता: 'ह्यांनी हात लावायच्या आधी'. आत आणखी फोल्डर: नळ, मिक्सर, इन्व्हर्टर, शिलाई मशीन, आणि सगळ्यात खाली 'बाबा'.

हिरामण घुंगरू बांधून नाचू लागले. सासूबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, "व्हय, ह्योच."

नंतर मी हळूच 'नळ' उघडला. आमच्या नळाचा फोटो होता, धडधाकट असतानाचा. खाली तारीख होती, आमच्या लग्नानंतर तिसऱ्या दिवसाची.